एक चेहरा धरून बोल

सांगणार नव्हतो. पण घरातल्यांनी धोशा लावला, की तुमच्या तोंडून ऐकायला मजा येते. यांची मजा होते आणि इथे हसं होतं. तरी बरं, गोष्ट माझी नाही, एका म्हाताऱ्याची आहे. (तो कोण, हे विचारायचं नाही.)

म्हातारा जन्मभर कुलपं दुरुस्त करत आला. शाळेशी वैर आणि जिभेला हाड नाही. त्याची सून बिल्डिंगच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवायची. पोरांच्या कालव्याने दुपारची झोप उडते, असं म्हातारा येता-जाता कुरकुरायचा. कुरकुर सेक्रेटरीच्या कानावर गेली आणि त्याने मीटिंगच लावली. पाळणाघर ठेवायचं की बंद करायचं, हात वर करून ठरणार.

बाजू मांडायची सुनेने. भाजीवाल्याशी घासाघीस करताना जिचा आवाज फुटत नाही, ती सभेत काय बोलणार? नवऱ्याने अक्कल शिकवली, की सगळ्यांकडे बघू नकोस, एक ओळखीचा चेहरा धर आणि त्याच्याशीच बोल. (स्वतः बायकोसमोर आजवर एक वाक्य पुरं केलेलं नाही, पण सल्ला द्यायला काय जातं?)

सुनेने चेहरा धरला तो नेमका सासऱ्याचा. आता म्हाताऱ्याची खोड अशी, की त्याच्याकडे बघून कुणी प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. भाषणातले प्रश्न उत्तरासाठी नसतात, हे चौथी नापासाला कोण सांगणार?

सून म्हणाली, "मुलं गोंगाट करतात, मान्य. पण आजवर कुणाचं नुकसान केलंय का?"

"केलंय की. बोबडीने कवळी बादलीत टाकली," म्हातारा म्हणाला.

बोबडी म्हणजे पाळणाघरातलं सगळ्यात लहान कार्टं. सभेत हशा पिकला. सेक्रेटरी खूश झाला, नवऱ्याने कपाळाला हात लावला. दुसरी असती तर रडत खाली बसली असती. हिने हातातला कागद घडी करून ठेवला आणि घरात बोलते तसं विचारलं, "बाबा, तुमची कवळी पाळणाघरात आली कशी?"

"सिंह करून दाखवायला काढली होती."

"रोज दुपारी खाली का येता?"

"आवाजाने झोप लागत नाही म्हणून."

"आणि सुट्टीच्या दिवशी? तेव्हा तर आवाज नसतो."

"तेव्हाही नाही लागत." म्हातारा पुटपुटला. "फार शांत असतं गं."

जुन्या कुलपावर हातोडा चालवायचा नसतो, कान लावून ऐकायचं असतं, मग ते आपण होऊन उघडतं. म्हाताऱ्याला हे शिकायला उमर गेली. पोरीने भर सभेत केलं, आणि तेही असल्या गंजलेल्या कुलपावर.

पाळणाघर राहू दे म्हणणारा पहिला हात म्हाताऱ्याचा. मग सगळ्यांचे, अगदी सेक्रेटरीचाही अर्धा.

आता सूनबाईंना शेजारच्या बिल्डिंगांतूनही बोलायला बोलावतात. जाताना सांगते, "बाबा, पुढच्या खुर्चीत बसा. कवळी काढून या, लोक लवकर हसतात."

जातो मी, काय करता? सुनेला माफ केलं, मुलालाही केलं. माझी माफी मागायची राहिली आहे ती एकटी बोबडी.