कॅलिफोर्नियाचे बापट

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मराठी मंडळाची वेबसाइट आपण एकट्याने, कोणाचीही मदत न घेता उभी केली, हे विलास करंदीकर कोणी न विचारताही सांगत असे. मोठ्या कार कंपनीत गिअरबॉक्सच्या विभागात काम करणारा माणूस! "अहो, अख्खा गिअरबॉक्स खोलून परत बसवतो मी आणि हातात एक स्क्रू उरत नाही. वेबसाइट ती काय!"

त्याची बायको ऊर्मिला म्युनिकला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने एकदा विचारलंही, "विलास, साइटचे ते आकडे कसे वाचायचे ते समजावून सांगू का?"

"आकडे? मला?" विलास असा हसला, की ऊर्मिलाने विषयच सोडला आणि ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बॉनला निघून गेली. जे व्हायचं ते नेमकं त्याच आठवड्यात झालं.

दिवाळी मेळाव्याची बैठक दत्ताकाकांकडे होती. काका मंडळाचे अध्यक्ष. जर्मनीत येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती, की ते स्वप्नातसुद्धा कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकत असत. विलासने लॅपटॉप उघडला आणि घसा साफ केला.

"काका, या महिन्यात आपल्या साइटला किती हिट्स? सांगा!"

"तूच सांग बाबा."

"बारा हजार!"

काकांची चकली दातांतच राहिली. "बारा हजार? अरे, अख्ख्या बव्हेरियात तेवढी मराठी माणसं नाहीत!"

"म्हणजे अमराठीसुद्धा येतायत!"

मंडळाचा सेक्रेटरी प्रसन्न स्क्रीनवर वाकला. "आणि हे युनिक व्हिजिटर अकरा, असं काय लिहिलंय?"

ते विलासला माहीत नव्हतं. पण माहीत नसल्याने तो कधी अडला नव्हता. "युनिक म्हणजे अद्वितीय! बारा हजारांतली अकरा खास माणसं. व्हीआयपी!"

"बरं, आणि बाउन्स रेट ब्याण्णव टक्के?"

"लोक आनंदाने उड्या मारतायत रे!"

"उड्या?" काकांना जरा शंका आली. "माझ्या माहितीत फक्त चेक बाउन्स होतो. आणि तेव्हा कोणी उड्या मारत नाही."

"काका, ते बँकेत. हे इंटरनेट आहे. आणि हे बघा, रोज पहाटे कॅलिफोर्नियाहून एक जण न चुकता येतो. सगळी पानं वाचून जातो. नाव लिहिलंय बी-ओ-टी."

"बॉट? असं कुठे आडनाव असतं?"

"बापट असणार! घाईत टाइप केलं असेल. आणि गंमत म्हणजे फोटो एकही उघडत नाही. नुसता मजकूर वाचतो."

"विद्वान माणूस," काका म्हणाले आणि त्यांनी पश्चिमेच्या खिडकीकडे बघून हात जोडले.

झालं! दरवर्षीचा चर्चच्या तळघरातला छोटा हॉल रद्द झाला आणि विमान उतरवता येईल एवढी श्पोर्टहाले, म्हणजे खेळांचा बंदिस्त हॉल, घेतली गेली. बारा हजारांतले निदान तीनशे तरी येतीलच, म्हणून मिसळ तीनशे माणसांची ठरली. मटकी भिजवायला एवढं मोठं भांडं अख्ख्या इंगोलश्टाटमधे मिळेना, म्हणून विलासने घरचा बाथटब घासून-पुसून वापरला. दोन दिवसांत टब मोडांनी असा भरला, की जणू हिरवळच उगवली! त्याची आठ वर्षांची लेक इरा टॉवेल घेऊन दारात उभी राहिली.

"पापा, वो झोल इह् डुशेन?" मी आंघोळ कुठे करू?

"शेजारी जा गं आंघोळीला. बारा हजार लोकांचा प्रश्न आहे!"

मेळाव्याच्या दिवशी पहिल्या रांगेत अकरा खुर्च्यांवर 'राखीव' अशा पाट्या लागल्या. मधल्या खुर्चीवर खास पाटी होती, 'श्री. बापट, कॅलिफोर्निया'. दत्ताकाका शाल आणि नारळ घेऊन दारातच उभे राहिले.

माणसं आली. दरवर्षीचीच आली, चाळीस-पन्नास. आणि दरवर्षीसारखीच सगळ्यांत मागे जाऊन बसली. मधे एवढी मोकळी जागा, की विलास माइकवर "नमस्कार" म्हणाला, तर समोरच्या भिंतीवरून दुसरा नमस्कार आला!

काका जवळ येऊन कुजबुजले, "विलास, बाकीचे कुठे आहेत?"

"गाडी लेट असेल, काका."

"बारा हजार लोकांची?"

तेवढ्यात ऊर्मिला स्टेशनवरून बॅग ओढत थेट हॉलवर आली. रिकाम्या खुर्च्या, पाट्या, काकांच्या हातातला नारळ, सगळं तिने नीट बघून घेतलं. मग नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन तिने लॅपटॉप उघडला.

"विलास, पहिल्या पानावर तू कार्यकारिणीचे किती फोटो लावलेस?"

"चाळीस. प्रत्येकाचे वेगवेगळ्या पोझमधले."

"मग पान एकदा उघडलं की चाळीस फोटो आणि एक पान. झाल्या एक्केचाळीस हिट्स. माणूस एकच."

विलासने घाईने पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि युनिक?"

"पाहणारे वेगवेगळे किती, ते. म्हणजे अकरा. तेही खरे अकरा नाहीत. साइट कॉम्प्युटर आणि फोन मोजते, माणसं नाही. हा ऑफिसमधला कोणाचा?"

"माझा."

"हा घरचा? हा फोन? हा टॅब्लेट?"

इरा मधेच डोकावली आणि खिदळली, "पापा, दास बिस्ट आलेस डू!" सगळे तुम्हीच आहात की!

"पुण्याची एक आहे ना!" विलासने शेवटच्या काडीचा आधार घेतला.

"ती माझी आई. इराचा फोटो बघायला रोज उघडते. आणि बाउन्स म्हणजे आले, एक पान बघितलं आणि निघून गेले."

"उड्या न मारता?"

"उड्या न मारता."

मागे उभ्या असलेल्या दत्ताकाकांनी बारीक आवाजात विचारलं, "आणि बापट?"

"काका, तो बॉट. माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. इंटरनेटवर काय-काय आहे ते शोधत सगळ्यांच्या साइट्स चाळत फिरतो."

काका नारळाकडे बघत राहिले. "म्हणजे मी ही शाल प्रोग्रॅमला घालणार होतो?"

ऊर्मिलाला हसू आवरेना. विलासला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण जमीन श्पोर्टहालेची होती, रबरी. तेवढ्यात हॉलच्या स्वयंपाकघरातून प्रसन्नची किंकाळी आली. तीनशे जणांच्या तर्रीची फोडणी त्याने एकाच पातेल्यात घातली होती! मिरचीचा धूर छतापर्यंत गेला, धूर लागताच वाजणारा रौखमेल्डर कोकलायला लागला आणि माणसं खोकत-शिंकत बाहेर पळाली. पाच-दहा मिनिटांत अग्निशमन दलाच्या दोन लाल गाड्या दारात! हेल्मेट घातलेले धिप्पाड जवान पाइप घेऊन आत घुसले.

"वो ब्रेंट्स?" त्यांच्या प्रमुखाने दरडावून विचारलं. आग कुठे आहे?

विलासने गुपचूप पातेल्याकडे बोट दाखवलं. प्रमुखाने आत वाकून पाहिलं, हुंगलं आणि तो ओळीने पाच वेळा शिंकला.

"आता आलाच आहात तर बसा," दत्ताकाका जर्मनमधे म्हणाले. ते शेवटी अध्यक्ष होते. जवान पहिल्या रांगेत बसले. प्रमुख बापटांच्या खुर्चीवर. त्याने तर्रीचा पहिला घास घेतला. आधी कान लाल झाले, मग मान, मग डोळ्यांतून धारा! सगळा हॉल श्वास रोखून बघत होता.

"गेफुंडेन!" तो ओरडला. सापडली! आग सापडली!

मग जी हसाहशी झाली ती थांबेना. जवानांनी दोन-दोन प्लेट खाल्ल्या, ठाण्यावरच्या लोकांना बोलावून घेतलं, त्यांनी बायकापोरं आणली. काकांनी शाल प्रमुखाच्या खांद्यावर घातली आणि नारळ हेल्मेटमधे ठेवला. एवढा रंगलेला मेळावा मंडळाने कधी पाहिला नव्हता.

वेबसाइट अर्थातच ऊर्मिलाकडे गेली. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला विलासला दारात उभं करून डोकी मोजायचं काम दिलं. विमानतळावर असतं तसलं बटण दाबायचं यंत्रही त्याने हौसेने आणलं.

"एक माणूस एकदाच, बरं का," काकांनी बजावलं.

संध्याकाळी विलासने स्टेजवर जाऊन जाहीर केलं, "उपस्थिती एकशे दहा!" टाळ्या पडल्या. हॉल अर्धा रिकामा दिसत होता. काकांनी त्याला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने विचारलं, "विलास, आपला प्रसन्न आज सिगरेट ओढायला किती वेळा बाहेर गेला होता रे?"

विलासने हातातलं यंत्र हळूच खिशात सरकवलं.