नवऱ्याचं वजन

"चढा काट्यावर," कार्डावरून मान वर न करता सिस्टरने हुकूम सोडला.

मेकॅनिक चढला. खरं तर नंबर त्याच्या बायकोचा होता. ती लघवीची बाटली घेऊन बाथरूमकडे गेली होती आणि नंबर हुकू नये म्हणून हा कार्ड घेऊन आत शिरला होता. बायको एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. हा तिच्याहून थोडाच मोठा, गॅरेजमध्ये कामाला. बाहेर पाटी होती, 'तपासणीत वडिलांचाही सहभाग हवा.' म्हणजे वडिलांनाही तोलत असतील, असं त्याला वाटलं. शिवाय कुठलंही यंत्र जवळून बघायची त्याला भारी हौस.

सिस्टरने आकडा बघून कार्डावर उतरवला. बघितलं नाही ते फक्त काट्यावरचं माणूस.

बायको परतेपर्यंत कार्ड डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पोचलं होतं.

"महिन्यात वीस किलो?" बाई ताडकन उठल्या. "सगळी सूज असणार! हिला आधी आडवं करा."

बाकावरून सासूबाई, म्हणजे मेकॅनिकची आई, धावल्या. "अगं बाई! आणि मी रोज म्हणतेय, अजून दोन घास खा!"

"डॉक्टर, ते वजन..." मेकॅनिकने तोंड उघडलं.

"नवऱ्यांनी बाहेर थांबायचं," म्हणत सिस्टरने पडदा ओढला.

आत प्रश्न सुरू झाले.

"डोकं दुखतं?"

"नाही."

"पाय सुजतात?"

"नाही."

सासूबाई उशाशी उभ्या. पोरगी दुसरं काय बोलणार!

मेकॅनिकला राहवेना. "दुखतं!" तो बाहेरून ओरडला. "परवापासून कपाळ बांधून झोपतेय. आणि संध्याकाळी माझ्या चपला घालते, तिच्या स्वतःच्या चढत नाहीत म्हणून!"

"रक्तदाब बघू," आतून बाई म्हणाल्या. मग रक्तदाबाच्या पट्ट्यातून हवा सुटल्याचा फुस्स आवाज. थोड्या वेळाने पुन्हा एकदा फुस्स.

"रक्तदाब चढलाय," बाई म्हणाल्या. "बरं झालं आजच कळलं. पण पोरगी तर काडीसारखी आहे! मग हे वीस किलो कुणाचे?"

"जास्तीचे माझे," पडद्याबाहेरून बारीक आवाज आला.

सिस्टरने कपाळावर हात मारला. बाई मात्र हसल्या. "घ्या ह्यांना आत. काट्यावर तेवढं चढू देऊ नका."

बायकोला दोन दिवस ठेवून घेतलं. गोळ्यांनी रक्तदाब ताळ्यावर आला.

पुढच्या तपासणीला सिस्टरने मेकॅनिकला मानाने खुर्ची दिली. "बाळ हलतं का?"

"हलतं म्हणजे काय!" तो सरसावून बसला. "सकाळी जरा शांत असतं, पण जेवण झालं की..."

"अहो, थांबा," बायको म्हणाली. तिने एकदा सासूबाईंकडे पाहिलं, पदर सावरला आणि सिस्टरकडे वळली. "पोट माझं आहे. मी सांगते."