सुतळ्याचा वर्ग

कुत्रा नोंदवायच्या अर्जात दोनच वर्ग होते: धावणारा शिकारी, नाहीतर राखणीचा. ज्याने हा अर्ज छापला त्याने कुत्रा बहुधा चित्रातच पाहिला असावा. रंगाऱ्याचा कुत्रा सुतळ्या; त्याची आई लांब टांगांची शिकारी, बाप मेंढरं राखणारा. जाणकार अशांना वेगळं धरतात. पण कचेरीत जाणकारांना विचारतो कोण?

"अर्धा अर्धा लिहा ना, बाई," रंगारी म्हणाला.

"अर्ध्याला रकाना नाही," कारकूनबाई म्हणाल्या. "सोमवारी मागच्या अंगणात आणा. साहेब पळवून बघतील."

शिकारी ठरला, तर इमारतीत ठेवायची बंदी. शहराबाहेर कुंपणात रवानगी. आणि रंगारी राहायचा तिसऱ्या मजल्यावर.

"तिथं तोंड उघडू नका," बायकोने बजावलं. "त्याचं कौतुक तर अजिबात नको. तुमच्या जिभेला हाड नाही."

सोमवारी साहेबांनी दोरीला चिंधी बांधून अंगणभर फरफटवली. सुतळ्या बसून राहिला. चिंधी पुन्हा नाकासमोरून गेली. त्याने जांभई दिली.

"ढिम्म आहे," साहेब म्हणाले. "राखणीचा लिहा, बाई. हा सात जन्मांत पळायचा नाही."

काम फत्ते झालं होतं. मुकाट्याने पट्टा धरून घरी जायचं. पण रंगाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ढिम्म कुणाला म्हणता, साहेब?"

"अहो, तुमच्याच सोयीचं लिहितोय!"

"वारा आहे वारा! बघाच!" आणि तो तरातरा अंगणाच्या पार टोकाला गेला. "ये रे, सुतळ्या!"

सुतळ्या उठला. मग कुत्रा दिसलाच नाही, नुसती एक करडी रेघ दिसली. बाईंचे कागद उडाले. साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "अस्सल शिकारी!"

रंगाऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "साहेब, तो चिंधीमागे नाही पळाला. मी हाक मारली म्हणून..."

"पळाला ना?"

"माझ्याकडे पळाला हो!"

"का पळाला, त्याला रकाना नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मान वर न करता शिक्का हाणला. कुंपणाकडे जाणारी गाडी फाटकात उभीच होती.

रंगारी रिकामा पट्टा घेऊन घरी आला. बायकोने पट्टा पाहिला. त्याच्या हातातून घेऊन खुंटीला अडकवला.

"काय सुंदर पळाला गं," तो म्हणाला. "तू बघायला हवं होतंस."

"मी रोज बघायचे," ती म्हणाली. "संध्याकाळी जिन्यात तुमची पावलं वाजली की."