सुजय लिमयेचं काही ठरत नाही

माझे गुडघे दुखतात. तरीही आमच्या वरच्या मजल्यावरचा सुजय लिमये लिफ्टपाशी उभा दिसला की मी मुकाट्यानं जिना धरते. लिफ्टचं दार लागलं की तो माणसाला कोंडीत पकडतो आणि म्हणतो, "काकू, एक मत हवं होतं."

त्याला मत एकच हवं असतं हे खरं. पण ते देण्याआधी त्याची दोन मतं ऐकावी लागतात, आणि ती दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट असतात.

सुजय मूळचा पुण्याचा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे नक्की काय करतो ते आमच्या ह्यांना तीनदा विचारूनही कळलेलं नाही. हैदराबादेत तारनाक्याला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आला तेव्हा त्यानं पडदे निळे घ्यावेत की पिवळे, यावर अख्ख्या बिल्डिंगचं मत घेतलं होतं. शेवटी पडदे लागलेच नाहीत. अजूनही त्याच्या खिडक्यांना जुन्या चादरी आहेत.

पण पडद्यांचं काय, ते बोलत नाहीत. खरी परेशानी सुरू झाली ती त्याच्या मुलीच्या गणितावरून. मनवा सहा वर्षांची, पहिलीत. कोपऱ्यावर नवीन गणिताचा क्लास उघडला आणि तिथल्या बाईंनी सुजयच्या हातात रंगीत कागद दिला. त्या दिवसापासून आम्ही कोणी सुखानं चहा प्यायलो नाही.

"काकू, पद्धत अशी आहे," तो माझ्या सोफ्यावर बसून समजावू लागला. "रोज वर्कशीट. एकाच प्रकारच्या बेरजा, पानंच्या पानं. घड्याळ लावायचं, पान संपलं की वेळ लिहायची. वेळ जास्त लागला तर परत तीच पानं."

"बरं मग?"

"आता एकीकडे बघायला गेलं, तर हात बसतो. बोटं मोजायची सवय सुटते. पुढे अवघड गणित आलं की डोकं बेरजेत अडकत नाही. मुख्य म्हणजे रोज बसायची शिस्त लागते."

"मग घाल की."

"पण दुसरी बाजू अशी, की रोज तेच ते करून मुलीला गणिताचा कंटाळा आला तर? बेरीज म्हणजे काय हे न कळताच नुसतं उत्तर लिहायला शिकली तर? मशीन होईल काकू तिचं."

"मग नको घालू."

"हं," तो म्हणाला. "पण एकीकडे बघायला गेलं..."

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, भल्याभल्या गर्दीला तोंड दिलेला माणूस. पण सुजयची बेल ओळखू यायला लागल्यापासून ते आत जाऊन पंखा लावून झोपेचं सोंग घेतात. मी हैदराबादेत जन्मले, माझं सगळं आयुष्य इथल्या शाळेत मराठी शिकवण्यात गेलं. "अरे बाबा, मी मराठीची बाई आहे, गणितातलं मला विचारू नको," असं मी कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, "म्हणूनच तर. तुमचं मत निःपक्षपाती असणार."

आणि मी एकटी नव्हे. त्यानं वॉचमन यादगिरीला विचारलं. यादगिरी बिचारा मोटर चालू करायला निघाला होता. "पाप चिन्नदि सार," तो म्हणाला, म्हणजे पोरगी लहान आहे अजून. त्यावर सुजयनं त्याला लहानपणीच सवयी कशा लागतात ते सांगितलं. यादगिरीला अर्धं कळलं, अर्धं नाही, आणि वरची टाकी दुपारपर्यंत कोरडी राहिली. सिकंदराबादला जाताना सुजयनं ऑटोवाल्याला विचारलं. ऑटोवाला मागे वळून म्हणाला, "कायकू परेशान कर रै साब बच्ची को?" सुजय म्हणाला, "वो बात सही है, लेकिन दूसरी बाजू देखो." ऑटोवाला दुसरी बाजू बघता बघता वळण चुकला.

जानेवारीत आम्ही सगळे मिळून नामपल्लीच्या नुमाइशीला, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, गेलो. मनवाला आकाशपाळण्यात बसायचं होतं, मला शाल घ्यायची होती. शालवाला एकेक शाल उलगडून दाखवत होता आणि सुजय त्याला विचारत होता, तुमच्याकडे मुलं हिशेब कशी शिकतात म्हणून. त्या भल्या माणसानं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाईसाब, शाल लेनी है कि नहीं?" सुजय म्हणाला, "वही तो तय नहीं हो रहा." मी लाजेनं दुसऱ्या स्टॉलवर गेले. शाल राहिलीच.

शेवटी एकदाचं त्यानं मनवाला क्लासला घातलं. "प्रयोग म्हणून," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मला वाटलं, सुटलो. पण सुटतोय कसले. सुजय ऑफिसातून येईपर्यंत मनवा शाळा सुटल्यावर माझ्याकडेच असते. मनवाची आई राधिका आजारपणात गेली ती हे दोघं हैदराबादला यायच्या आधी. एवढं मला ठाऊक होतं. त्यावर तो कधी बोलला नाही, मीही कधी विषय काढला नाही. तर आता ती वर्कशीटं माझ्याच जेवणाच्या टेबलावर येऊन पडली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही बरं वाटलं. पोर शहाण्यासारखी बसायची, जीभ बाहेर काढून भराभरा लिहायची. एकदा माझ्याकडे भिशीच्या बायका यायच्या होत्या, आयत्या वेळी काहीजणी येणार नाहीत असे फोन आले. मी ताटल्या मोजतच होते, तेवढ्यात मनवानं न बघताच किती कमी लागतील ते सांगून टाकलं. बोटंसुद्धा हलवली नाहीत. मी सुजयला कौतुकानं सांगितलं. तो खूश झाला, आणि लगेच म्हणाला, "पण दुसरी बाजू अशी..." मी मिक्सर चालू केला.

मग पुढची पानं आली. तिथं ती अडखळायला लागली. क्लासच्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचा नियम ठरलेला. वेळ जास्त लागला, परत तेच पान. मनवा तेच पान पुन्हा आणायची. मग पुन्हा. उत्तरं सगळी बरोबर असायची, घड्याळच तिच्यापुढे पळायचं. हळूहळू तिची जीभ बाहेर यायची बंद झाली. टेबलाशी बसायच्या आधी तिला तहान लागायची, मग पुन्हा तहान लागायची, मग पोटात दुखायचं.

एका दुपारी मी मटार सोलायला घेतले. म्हटलं, पोरीला जरा बदल. "ये, ह्या शेंगेत किती दाणे आहेत सांग बघू." तिनं शेंग हातात घेतली, उघडली नाही. म्हणाली, "आजी, टाइम लावणार?"

"नाही गं बाई. हल्लूहल्लू मोज."

तिनं दाणे मोजले, बरोबर सांगितले. मग शेंगेचं टरफल कुरतडत विचारलं, "आजी, मी ढ आहे का?"

मी आयुष्यभर मुलं शिकवली. हा प्रश्न मला नवा नव्हता, पण माझ्या घरात, माझ्या मटारांपाशी तो ऐकायची माझी तयारी नव्हती. मी तिला जवळ घेतलं, नाही म्हणून सांगितलं, शेव खायला दिली. आणि मग सुजयची वाट बघत बसले. पहिल्यांदाच, मी त्याची वाट बघत होते.

तो आला. मनवा आत ह्यांच्याशी पत्ते खेळत होती. मी त्याला पाणीही न विचारता सगळं सांगितलं. तो मटकन बसला. चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी एक बोलेल. तो म्हणाला, "एकीकडे बघायला गेलं तर काकू..."

"बास!" मी इतक्या जोरात ओरडले की आतले पत्ते थांबले. "एकीकडे नक्को नि दुसरीकडे नक्को. अख्ख्या तारनाक्याला विचारून झालं तुझं. पोरगी रडायची बाकी आहे. तुला स्वतःला काय वाटतं, ते सांग."

तो अगदी हळू म्हणाला, "मला नकोच वाटत होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग घातलीस कशाला?"

"राधिकानं घातलंच असतं." त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला. "ती गणितात हुशार. तिच्या वडिलांनी तिच्याकडून रोज असंच करून घेतलेलं. लेकीला वळण लागायलाच हवं म्हणाली असती. मी नको म्हटलं असतं. आठवडाभर भांडलो असतो काकू, खूप भांडायचो आम्ही. आणि मग थोडं तिचं, थोडं माझं, असं काहीतरी ठरलं असतं. आमच्याकडे सगळं तसंच ठरायचं."

मी मटारांचं ताट बाजूला सरकवलं.

"आता मी नको म्हटलं की संपलंच. ती बोलायला नाही, म्हणून मी जिंकलो? असं कसं जिंकायचं? म्हणून तिची बाजूही मीच मांडतो. पण मला ती नीट जमत नाही. वाटतं, कुणीतरी तिच्या बाजूनं भांडेल. पण सगळे म्हणतात, तुमची मुलगी, तुम्ही बघा."

मी उठले, पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले. मनातून मी ती पानं फाडायला तयार होते. पण म्हटलं, "हे बघ सुजय, क्लास बंद करायचा नाही."

त्यानं चमकून वर पाहिलं. "काय?"

"एवढ्यातेवढ्यानं सोडून दिलं तर पोरीला कळेल की अवघड आलं की पळायचं असतं. हात बसायला वेळ लागतोच. ताटल्यांचा हिशेब तिनं कसा चटकन केला? त्या पानांमुळेच ना?"

"अहो पण ती स्वतःला ढ समजायला लागली!"

"म्हणून पाठ सोडायची? तू लाडावतोस तिला."

"मी लाडावत नाही!" त्यानं टेबलावर हात आपटला. ग्लास हिंदकळला. "सहा वर्षांची आहे ती! तिला घड्याळाची भीती वाटायला लागलीय, आणि तुम्ही म्हणता वळण? बेरीज महिनाभर उशिरा आली तर काय बिघडतं?"

"आणि आलीच नाही तर?"

"येईल! मी शिकवीन!"

हे दाराशी आले, हातात पत्ते. मी डोळ्यांनीच त्यांना आत जायला सांगितलं. आम्ही चांगलेच भांडलो. त्याचा आवाज चढला, माझाही. त्यात एकदाही त्यानं "दुसरी बाजू" म्हटलं नाही. ती माझ्याकडे होती आणि मी ती सोडत नव्हते. शेवटी ठरलं ते असं, की क्लास बंद. पण रोज थोड्या बेरजा करायच्याच, घरी, त्याच्याजवळ बसून, घड्याळ न लावता. वळण राधिकाचं, घड्याळ नको हे त्याचं.

मनवाला घेऊन तो निघाला. ती पुढे धावत जाऊन लिफ्टचं बटण दाबायला लागली. तो चपला घालता घालता थांबला.

"रविवारी सुट्टी मात्र द्यायची, काकू. त्यावर मी ऐकणार नाही."

"बरं."

"तिनं ऐकलं असतं का हो हे?"

मी राधिकाला कधी पाहिलेलं नाही. मी जरा विचार केला.

"कुरकुर केली असती," मी म्हटलं. "पण ऐकलं असतं."

त्यानं मान हलवली, पुन्हा एकदा हलवली, आणि लेकीच्या मागे गेला.