बकरीनं खाल्लेलं पान

पुस्तक परत आलं ते दीड किलो वांग्यांसकट.

मंजुश्रीने दार उघडलं तर समोर शेजारच्या पुष्पाबाई. हातात पातेलं, पातेल्यात वांगी आणि वर झाकण म्हणून ठेवलेलं चित्रांचं पुस्तक. मुखपृष्ठावरच्या म्हशीच्या पाठीवर बगळा बसला होता आणि म्हैस वांग्यांच्या देठांवर.

"काकू, हे पुस्तक मी तुमच्या प्राचीला दिलं होतं. कायमचं."

"तिनं वाचलं ना बाप्पा. एका दमात वाचलं. आता तिले दुसरं पाह्यजे."

"आणि वांगी?"

"मंग रिकामं कसं आणू? कोकिळाबाईच्या घरचं हाये."

कोकिळाबाई म्हणजे मंजुश्रीची आई. मोताळ्याजवळच्या या गावात एकतीस वर्षं अंगणवाडी चालवून ती दिवाळीच्या आधी गेली. मागे राहिलं दोन खोल्यांचं घर आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत चाळीसेक पुस्तकं, सगळी प्राण्यांची. ससा आजारी पडला की कासव काढा घेऊन निघणार, हत्तीचा पाय चिखलात रुतला की मुंग्या धावणार. मंजुश्री नाशिकला एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. जाडजूड पुस्तकं वाचण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. पण या पेटीतलं एकही पुस्तक तिने उघडलं नाही. गुरुवारी आल्या आल्या गठ्ठे काढले आणि दारात दिसेल त्या पोराच्या हातात एकेक ठेवलं.

रजा चार दिवसांची होती. रविवारी दहाला भाडेकरू येणार, त्याच्या हातात किल्ली द्यायची आणि बाराची एसटी पकडायची. हे सगळं तिने मनात इतक्या वेळा करून पाहिलं होतं, की प्रत्यक्षात करायचं तेवढं राहिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अकरा पुस्तकं परत आली. शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हा गावाचा नियम. गावाने पुस्तकही भांड्यातच मोजलं होतं. गोजरबाईंकडून मांजर-कुत्र्याच्या दोस्तीबरोबर तुरीच्या ओल्या शेंगा आल्या. माकडाबरोबर लाल भोपळा आला. उंदराच्या पुस्तकात तर कुणीतरी पानापानांमध्ये पापड घालून पाठवले होते, जेणेकरून मोडू नयेत.

खरी पंचाईत पुढे होती. पुस्तकांबरोबर खरी भांडीही आली होती, आणि मंजुश्री याच घरात वाढलेली. तिचाही हात रिकामं भांडं परत द्यायला उचलेना. स्वयंपाकघरात चहा, साखर आणि बिस्किटांचा एक पुडा. मग तिने डोकं लढवलं. गोजरबाईंच्या टोपलीत पुष्पाबाईंची वांगी घातली, पुष्पाबाईंच्या पातेल्यात गोजरबाईंच्या शेंगा. सगळी भांडी भरून गेली. आपल्याला हे सुचलं याचं तिला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं शनिवारी दुपारपर्यंत टिकलं. पुष्पाबाई पुन्हा दारात. या वेळी पुस्तक नव्हतं, नुसती वांगी.

"मंजू, हे वांगे कोनाचे?"

"मला काय माहीत, काकू?"

"मले माहीत हाये. गोजरबाईनं प्राचीच्या हाती धाडले. 'आमच्याकडं लय झाले,' म्हने. तिच्या सात पिढ्यांत कोनी वांगं लावलं नाही! माहेच वांगे मी वळखत नाही का? मी तुले खायाले देल्ते का गावभर फिरवाले?"

"चुकलं, काकू."

"चुकलं म्हनून भागत नसते. चूल पेटव. भरीत कर. माह्यासमोर कर अन् माह्यासमोर खा."

मंजुश्रीने भरीत केलं. पुष्पाबाई दारात बसून एकेका घासावर नजर ठेवत होत्या. तीन महिन्यांत मंजुश्री पहिल्यांदा पोटभर जेवली; पण ते शिक्षेच्या गडबडीत तिच्या ध्यानात आलं नाही.

हात धुते न धुते तोच फाटकातून गल्लीतले मोतीराम आत आले. मागे त्यांची नात काजल, रडून नाक लाल झालेलं. दोघांच्या मध्ये दोरीला एक पांढरी बकरी.

"मंजू, तुमचं पुस्तक आनलं."

"कुठंय?"

"हे काय." मोतीरामांनी बकरीच्या पोटाकडे बोट दाखवलं.

"अख्खं?"

"अख्खं कशाले? एक पान. बाकीचं काजलनं हिसकलं. बकरीचंच पुस्तक व्हतं हो! तिले वाटलं असन, आपल्याच घरचं हाये."

"मग राहू द्या ना, काका."

"असं कसं राहू द्या? वस्तू कोकिळाबाईची. पान हिच्या पोटात. म्हनजे हे तुमची."

"मी नाशिकला बकरी कशी नेऊ?"

"एसटीत चढते ते. खिडकीपाशी बसवा, गुमान बसते."

मोतीरामांनी बकरी अंगणातल्या खुंट्याला बांधली आणि निघाले. मंजुश्री त्यांना थांबवणार होती. पण बकरी परत करायची तर तिच्याबरोबर काहीतरी द्यायला हवं, आणि बकरीबरोबर काय देतात हे तिला आईने कधी शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी नऊलाच अंगण भरलं. बकरीने बकरीचं पुस्तक खाल्लं ही बातमी गावभर झाली होती आणि पोरं गुन्हेगार पाहायला आली होती. मोतीराम बकरीला पाला घेऊन आले होते, पुष्पाबाई नुसत्याच. काजलने उरलेलं पुस्तक ओट्यावर उघडलं.

बकरी कोरड्या विहिरीत पडते. काठावर कुत्रा, कावळा आणि गाढव जमतात. पुढचं पान नाही. आणि शेवटच्या पानावर चौघे लिंबाखाली बसलेले, मध्ये बकरी.

"आत्या, मधात काय झालं?" काजलने विचारलं.

"मले माहीत हाये," प्राची म्हणाली. "कावळ्यानं दोरी आनली. अंगणवाडीत बाईनं सांगतलं व्हतं."

"खोटी! बाईनं आम्हाले सांगतलं, गाढवानं कडबा टाकला, टाकला, ढीग झाला अन् बकरी चढून आली," मागून एक पोरगा ओरडला.

"अबे, ते कुत्र्यानं गाव गोळा केल्तं," मोतीराम म्हणाले. "माह्या पोराले बाईनं तेच सांगतलं. आठ दिवस पोरगं घरात भुंकत व्हतं."

मंजुश्री ऐकत राहिली. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला हे सहन होण्यासारखं नव्हतं. पानावर काहीतरी छापलेलं असणारच, आणि आईने एकतीस वर्षांत ते एकदाही छापल्याप्रमाणे वाचलं नव्हतं!

"आत्या, तुले काय सांगतलं व्हतं?"

आता सगळी तोंडं तिच्याकडे वळली. मोतीरामांचं, पुष्पाबाईंचं आणि हातात हेल्मेट घेऊन फाटकात उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाचंही. मंजुश्री ओट्यावर बसली. आपल्याला ते आठवत नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

"बकरीला कुणाला काढता येईना," ती म्हणाली. "दिवस मावळला. बकरी खालून ओरडत होती. मग कुत्रा म्हणाला, काढायचं उद्या बघू. आज सोबत तरी करू. तो आत उतरला. त्याच्यामागे गाढव उतरलं. कावळा उडत उडत खाली गेला. आणि सगळे तिला टेकून झोपले."

पुष्पाबाईंनी पदर सारखा केला. मंजुश्री पान नसलेल्या जागेकडे पाहत होती.

"आत्या," काजल म्हणाली, "मंग आता त्याइले कोन काढीन? सगळेच तं आत गेले!"

"अन् गाढव उतरलं कसं?" मोतीराम म्हणाले. "पहिले ते सांगा."

"विहीर किती फूट?" फाटकातल्या माणसाने विचारलं. तो भाडेकरू होता, प्रसेनजित, तालुक्याला नवा आलेला कृषी सहायक. "नाही, म्हणजे पन्नास फूट असेल तर कडब्याने भागणार नाही."

"पन्नास कशाची? इकडं ऐंशीबिगर विहीर नाही," मोतीराम म्हणाले.

"कोरडी आहे ना? मग आडवं भुयार घ्यायचं."

"कोन खोदीन? कावळा?"

पोरांनी दोन पक्ष केले, कडब्याचा आणि भुयाराचा. पुष्पाबाई तिसऱ्या होत्या. त्यांच्या मते गाढवाला आधी दोन शब्द सुनावायला हवे होते. प्रसेनजितने जमिनीवर काडीने विहीर काढली. कुत्र्याला उकरता येतं हा मुद्दा प्राचीने मांडला आणि तो सर्वांना मान्य झाला. पण उकरलेली माती ठेवायची कुठे, यावर पुन्हा भांडण पेटलं. दर दोन वाक्यांनी कुणीतरी मंजुश्रीकडे वळून विचारायचं, "हे चालन का?" आणि ती विचार करून सांगायची, "नाही, बकरी दबेल."

रस्त्यावरून बाराची एसटी गेली. हॉर्न सगळ्यांनी ऐकला. वळून कुणीच पाहिलं नाही.

"किल्ली पुढच्या रविवारी दिली तरी चालेल," प्रसेनजित हेल्मेट घालत म्हणाला. "पण त्यांचं काय झालं ते तेवढं मला कळवा."

साडेबाराला ऑफिसातल्या वंदनाताईंचा फोन आला.

"बसलीस का गाडीत?"

"नाही ताई. रजा आठ दिवस वाढवाल का?"

"का गं? भाडेकरू आला नाही?"

"आला की. दोन तास बसून गेला."

"मग अडलंय कुठं?"

मंजुश्रीने अंगणात पाहिलं. काजल मातीतल्या विहिरीच्या तळाशी चार खडे नीट चिकटून ठेवत होती.

"बकरी अजून विहिरीत आहे," ती म्हणाली. मग मजकुरात काही सुटू नये म्हणून तिने पुढे जोडलं, "आणि गाढवसुद्धा."