झोपलेलं गिऱ्हाईक

बारावीला चांगले गुण पडूनही बिट्टीने कॉलेजात जायला साफ नकार दिला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त धक्का आत्याला बसला. आत्या एका शाळेची मुख्याध्यापिका होती. ओळखीतल्या प्रत्येक मुलाने पुढे कोण व्हायचं हे ती परस्पर ठरवून टाकायची, आणि बिट्टीच्या वाट्याला तिने हिशेबतपासनीस होणं लिहून ठेवलं होतं.

बिट्टीचं म्हणणं वेगळंच होतं. तिला बाबांच्या गाद्यांच्या दुकानाची जाहिरात करायची होती, आणि तीसुद्धा ऑनलाइन आभासी जगात. या जगात लोक डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून शिरतात, हवं ते रूप घेतात आणि घरदार, बाजार, गप्पाटप्पा सगळं तिथेच करतात.

"तिथे माणसं झोपतात का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग गादी कोण घेणार?"

"झोपत नाहीत म्हणूनच घेतील," बिट्टी म्हणाली. हे उत्तर तिला त्याच क्षणी सुचलं होतं, पण आपण यावर खूप विचार केलाय असा चेहरा तिने केला.

बरीच हुज्जत झाल्यावर आत्याने अट घातली. कॉलेजचे प्रवेश बंद व्हायच्या आत त्या जगातलं एक तरी हाडामांसाचं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून गादी घेऊन गेलं पाहिजे. नाहीतर बिट्टीचा अर्ज भरून तयारच होता, तो आत्या स्वतः पाठवणार होती. बिट्टीने मान्य केलं. पाठीचे मणके ताठ ठेवून दिवसभर आकडे तपासत बसायचं ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

तिने त्या जगात बाबांच्या दुकानासारखंच दुकान उभं केलं. शटर बसवलं, गाद्या रचल्या, झगमगते फलक लावले, मंद संगीत सोडलं. चिटपाखरू फिरकलं नाही. फक्त एक हिरवा ड्रॅगन यायचा, गादीवर आडवा व्हायचा, शेपटी भिंतीतून पार बाहेर काढायचा आणि एक अक्षर न बोलता निघून जायचा.

बाबांनी हे पाहिलं आणि त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. गल्ल्यावर माणूस नाही तर गिऱ्हाईक थांबेल कशाला, असं म्हणत त्यांनी स्वतःच चष्मा चढवला. पहिला नमस्कार त्यांनी खांबाला केला. मग ड्रॅगनला चपला काढून गादीवर चढायला सांगितलं. दुकानाचे त्यांचे काही नियम होते, ते त्यांनी तिथेही लावले. गिऱ्हाइकाने आधी गादीवर पडून पाहायचं. पडल्यावर त्याच्याशी बोलायचं नाही. आणि कोणाचा डोळा लागलाच, तर काही झालं तरी त्याला उठवायचं नाही. "गादीने काम सुरू केलेलं असतं," ते म्हणायचे. "आपण मध्ये पडायचं नाही."

एका दुपारी बिट्टी बाहेर गेली असताना जेवणाची वेळ झाली. बाबांनी सवयीने खरं शटर ओढलं, मग तितक्याच सवयीने आभासी शटरही ओढलं. आत ड्रॅगनसकट चार-पाच जण पडलेले होते, आणि ते शटर फक्त बाबांच्या हाताने उघडायचं. जेवून ते मागच्या खोलीत आडवे झाले. चष्म्यातून बाहेर पडायचं बटण कोणतं ते काही केल्या आठवेना, म्हणून चष्म्यासकटच झोपले. माइक चालू राहिला. बाबांचं घोरणं म्हणजे जड कपाट फरशीवरून सावकाश ओढत न्यावं तसं होतं. घाई नाही, खंड नाही.

बिट्टी परतली तेव्हा आभासी दुकानाबाहेर घोरणं ऐकत लोकांची रांग लागली होती. आत कोंडलेले सगळे ढाराढूर झोपले होते. कित्येक रात्रींनंतर डोळा लागला, असं त्यांनी जागे होऊन जगभर सांगितलं. आपण जिवाचं रान केलं त्याचं काही झालं नाही आणि बाबांनी नुसतं झोपून बाजी मारली, याचा बिट्टीला रागही आला आणि हसूही. पण हातची संधी ती कसली सोडते? तिने खऱ्या दुकानाचा पत्ता फलकावर मोठ्या अक्षरांत टाकला आणि खाली लिहिलं, "घोरणं रोज दुपारी. मोफत."

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. घोरणं फुकट मिळत असताना गादी विकत कोण घेणार? रांग वाढत गेली, आणि खऱ्या दुकानात मात्र एकही जण आला नाही.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी बाबांना मालासाठी परगावी जावं लागलं. दुपारचं घोरणं बंद असल्याची सूचना बिट्टीने लावली, आणि इकडे आत्या खुर्ची ओढून दुकानात येऊन बसली. पाचला प्रवेश बंद होणार होते. फोनवर अर्ज उघडा होता, फक्त बोट टेकवायचं बाकी होतं.

चार वाजून गेल्यावर एक बारकीशी बाई आत आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. आपण रात्रपाळीची नर्स आहोत, असं तिने सांगितलं, आणि मग जरा लाजून म्हणाली, "मी तो ड्रॅगन." घोरायला काका नाहीत म्हणून दिवसभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, निदान गादी तरी न्यावी म्हणून ती आली होती.

बिट्टीने हरखून जायचं टाळलं. कुशीवर झोपता की पाठीवर, कंबर धरते का, असं सगळं विचारून तिने तिला एका गादीवर झोपवलं आणि बाजूला झाली. नर्स छताकडे टक लावून पडून राहिली. दुसरी गादी झाली, तिसरी झाली. तिसरीवरून ती उठणारच होती, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. प्रवेशाच्या धामधुमीने थकलेल्या आत्याची मान कलली होती, आणि कपाट ओढलं जात होतं. बाबांचीच सख्खी बहीण ती.

नर्सचे डोळे मिटले.

पाचला थोडाच अवकाश होता. खांद्याला हात लावून "ही देऊ ना?" एवढं विचारलं की काम झालं असतं. बिट्टीने हात पुढे केला. नर्सच्या कपाळावरची आठी सुटली होती, तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं. हात तसाच मागे आला. सगळं घालवलं आपण, असं वाटून तिला रडू फुटलं, आणि रडत रडतच तिने नर्सच्या बाजूचा पंखा हलका केला.

पाच वाजून बऱ्याच वेळाने आत्या दचकून सरळ झाली.

"पाच होऊन गेले की. हरलीस तू."

"हो," बिट्टी म्हणाली.

मग आत्याने फोनकडे पाहिलं. प्रवेश बंद झाले होते. "मला उठवायचं नाही का?"

"आपल्या दुकानात झोपलेल्याला उठवत नाहीत."

"मी झोपले नव्हते."

गादीवर नर्स उठून बसली. तिने मोठा आळस दिला, हीच गादी घरी पाठवा म्हणाली, आणि आत्याकडे बोट दाखवून अदबीने विचारलं, "या बाई तिथे रोज असतील का?"

 नाकावर घसरलेला चष्मा आत्याने वर सरकवला, बिट्टीने मांडून ठेवलेला तो जाडजूड चष्मा उचलून उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाली, "हा माझ्या चष्म्यावरून बसतो का गं?"