ऑर्विल डेमचुकचे निवृत्त आकडे

कोणत्याही क्रीडासंस्थेत माणसापेक्षा त्याच्या पाठीवरच्या आकड्याला अधिक मान असतो, आणि ते रास्तच आहे. आकडा म्हातारा होत नाही, त्याचे गुडघे धरत नाहीत, आणि ‘अजून एक मोसम खेळतो’ असं तो कधीही म्हणत नाही.

सस्कॅचेवानच्या सपाट मुलखातलं थिसल क्रीक हे गाव या बाबतीत फार पुढारलेलं. लोकसंख्या अकराशे चाळीस. पैकी आइस हॉकी कळणारे अकराशे चाळीस (त्या महिन्यात जन्मलेली तिघं धरून). गावाच्या संघाचं नाव बॅजर्स. आणि बॅजर्सचा बचावपटू ऑर्विल डेमचुक, पाठीवर सव्वीस नंबर, बावीस मोसम आपल्या गोलच्या पुढ्यात उभा होता. पहिली सोळा वर्षं त्याला ओलांडून कुणी पुढे जात नसे. नंतरची सहा वर्षं सगळेच जात; पण ऑर्विल उभा असे, हे त्याच्या शत्रूलाही नाकारता आलं नसतं.

त्याला आता थांबायला सांगितलं पाहिजे याबद्दल गावात एकमत होतं. सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. प्रशिक्षक डेल फ्रीझन हा ऑर्विलच्या बायकोचा, लॉर्नाचा, धाकटा भाऊ. दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला असे, आणि लॉर्नाच्या हातच्या बटाटा भरलेल्या पिरोग्या सोडून खरं बोलावं इतका काही तो तत्त्वनिष्ठ नव्हता. डॉक्टर म्हणाले, गुडघा माझा विषय आहे, निर्णय प्रशिक्षकाचा. पाद्रीबाबांनी एका रविवारी ‘प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते’ या विषयावर चाळीस मिनिटं प्रवचन केलं आणि त्यातली वीस मिनिटं ऑर्विलकडेच बघत केलं. बाहेर पडताना ऑर्विलनं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, “अगदी माझ्या मनातलं बोललात. यंदा आपली वेळ आहे.”

शेवटी प्रकरण संघाच्या समितीकडे गेलं. अध्यक्षा ग्वेन ऑस्टबी या गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. समितीतले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी असल्यामुळे बोलण्याआधी हात वर करत.

“त्याला काढायचं नाही,” बाई म्हणाल्या. “त्याच्या नंबराला निवृत्त करायचं. सन्मानानं, छतापर्यंत चढवून. तो पुन्हा कुणी घालायचा नाही.”

डेलनं हात वर केला. “आणि ऑर्विलचं काय?”

“नंबर गेला की जर्सी गेली. जर्सीशिवाय खेळेल कसा? बनियनवर?”

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. त्यासोबत जोडलेलं कार्याचं विवरण असं: सामने सहाशे अकरा. गोल एकतीस (पैकी चार स्वतःच्याच संघावर, समिती हे केवळ पूर्णतेसाठी नमूद करते). शिक्षेच्या बाकावर घालवलेली मिनिटं एकोणीसशे चार, म्हणजे सलग एक दिवस, सात तास आणि चव्वेचाळीस मिनिटं. दात गमावले नऊ, त्यांपैकी स्वतःचे सात.

बाई आणि डेल ही बातमी घेऊन गेले तेव्हा ऑर्विल गॅरेजमध्ये स्केट्सना धार लावत होता. ऐकून त्यानं यंत्र बंद केलं आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. त्याचा आजवर कुणी सत्कार केला नव्हता. बचावपटूचं असंच असतं; गोल करणाऱ्याचं नाव पुकारतात, न झालेल्या गोलाचं कोण पुकारणार?

“मी काही तेवढा मोठा नाही, ग्वेन.”

“आहेस. आता विश्रांती घे.”

“विश्रांती कसली!” ऑर्विल उठलाच. “लोकांनी एवढा मान दिल्यावर माणसानं जीव तोडून खेळायला नको?”

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे पाचला धावायला जाऊ लागला.

समारंभ जानेवारीत झाला. बाहेर उणे चौतीस, आत शाळेचा बँड. दिवे मंद झाले आणि सव्वीस आकडा लिहिलेलं मोठं कापड हळूहळू वर चढू लागलं. ते छताला टेकेपर्यंत ऑर्विल मान वर करून लहान मुलासारखा बघत राहिला. मग भेटवस्तू दिल्या: मागे रेलणारी आरामखुर्ची, विजेवर गरम होणारं ब्लँकेट, गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरण्याचं साहित्य, गुडघ्याचं मलम, एक डझन. (या सर्व वस्तू बसून वापरण्याच्या आहेत, ही बाब सत्कारमूर्तीखेरीज सगळ्यांच्या लक्षात आली होती.)

ऑर्विलनं डोळे पुसत माइक घेतला. “मी तुमचा आयुष्यभर ऋणी आहे. आता नवा नंबर कुठला देताय तेवढं सांगा.”

लोक खळखळून हसले. फारच दिलखुलास माणूस, असं सगळ्यांचं मत पडलं.

गुरुवारच्या सरावाला तो आला तेव्हा पाठीवर बासष्ट होतं. घरातल्या जुन्या जर्सीवरचे आकडे त्यानं स्वतःच उसवले आणि जागा बदलून परत शिवले होते. नियमावली तपासली गेली. नंबर निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं, याबद्दल नियमावली मौन बाळगून होती. डेलनं रविवारचा विचार केला आणि त्याला खेळायला घेतलं.

आता समितीपुढे दोनच मार्ग होते: ऑर्विलला स्पष्ट सांगणं, किंवा बासष्टलाही निवृत्त करणं. दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य ठरला. पुढच्या जानेवारीत बासष्ट वर गेला. ऑर्विलनं तीन घेतला. तीन गेल्यावर अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी गेल्यावर एक्केचाळीस. चार वर्षं आणि काही आठवड्यांत एकाच माणसाचे पाच आकडे छताला लागले. घरात पाच आरामखुर्च्या झाल्या आणि लॉर्नाला स्वयंपाकघरात तिरकं होऊन शिरावं लागू लागलं. नवीन पोरांना उरलेसुरले नंबर वाटले जात. पाहुण्या संघाच्या वार्ताहरानं एकदा छताकडे बघत ऑर्विललाच विचारलं, “हे पाच डेमचुक भाऊभाऊ का?”

“हो,” ऑर्विल म्हणाला. “मी सगळ्यात धाकटा.”

एक्केचाळीस वर चढवल्यानंतर दोनच आठवड्यांनी, आता त्र्याहत्तर नंबर घालून, तो शेजारच्या गावाविरुद्ध उपांत्य सामन्यात उतरला. शेवटची चार मिनिटं उरली होती, गुण बरोबरीत. समोरचा पोरगा चकती घेऊन सुसाट आला. ऑर्विलला तो दिसला, त्याचा बेतही कळला. चकती कुठे जाणार हे त्याला त्या पोराच्याही आधी कळलं. फक्त वळायचं तेवढं राहिलं. तो वळला तोवर फटका बसला होता. चकती गोलरक्षक बेसिल लारोकच्या गळ्याखालच्या हाडावर आदळली आणि बाहेर गेली. गोल वाचला, हाड मोडलं.

सामना हरल्यावर कपडे बदलायच्या खोलीत दोघंच उरले. बेसिलचा हात गळ्यात बांधलेला, अँब्युलन्स तीस मैलांवरून यायची होती.

“ऑर्विल, बस झालं,” बेसिल म्हणाला.

“काय बस झालं?”

“खेळणं. तू वळेपर्यंत तो पोरगा घरी जाऊन जेवून आला असता.”

ऑर्विलनं हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. मग म्हणाला, “कधीपासून असं आहे?”

“दहा वर्षं.”

“दहा? आणि कुणी एका शब्दानं सांगितलं नाही मला?”

“सांगितलं नाही?” बेसिल कळवळत सरळ झाला. “अरे बाबा, पाच वेळा सांगितलं! बँड लावून सांगितलं!”

ऑर्विलला एकेक करून सगळं आठवलं: ब्लँकेट, मलम, पाद्रीबाबांची ती वीस मिनिटं, आपण माइकवर बोललो ते, आणि लोकांचं ते हसणं. कान तापले. पण थोड्या वेळानं, का कोण जाणे, छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. चार वर्षं त्याचा डावा गुडघा रोज सकाळी हेच सांगत होता. आज पहिल्यांदा कुणी माणूस बोलला. तो स्केटच्या नाड्या सोडायला वाकला आणि अर्ध्यातच अडकला. बेसिलनं धड असलेल्या हातानं त्याच्या नाड्या सोडल्या.

घरी येऊन तो तिसऱ्या आरामखुर्चीत बसला. “तुला माहीत होतं?” त्यानं लॉर्नाला विचारलं.

“मी पाचही वेळा बँडला जेवू घातलंय, ऑर्विल.”

वसंतात समितीनं त्याला सभासद करून घेतलं. पहिल्याच बैठकीत त्यानं हात वर केला आणि ठराव मांडला: यापुढे थिसल क्रीकमध्ये ज्याला जे सांगायचं ते तोंडावर, स्पष्ट शब्दांत सांगितलं जाईल, सत्कार, बँड, खुर्ची वगैरे मार्गांचा अवलंब होणार नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. लगोलग पहिलं प्रकरण पुढे आलं. बेसिलचं हाड वाकडं जुळलं होतं, डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि वय चव्वेचाळीस असताना त्यानं पुढच्या मोसमासाठी नाव दिलं होतं. त्याला कुणी सांगायचं, यावर फार चर्चा झाली नाही. सगळ्यांनी ऑर्विलकडे बघितलं.

ऑर्विलनं गाडीत तीन वाक्यं घोकली. बेसिलनं कॉफी ओतली, उजव्या हातानं.

“डॉक्टर म्हणतो हात वर जाणार नाही,” बेसिल उत्साहानं म्हणाला. “पण मी म्हणतो, वरून असे गोल होतात तरी किती? आणि खरं सांगू? जाळ्यापुढे उभं राहिल्याशिवाय मला हिवाळा काढता येत नाही रे.”

ऑर्विलनं कॉफी संपवली. पहिलं वाक्य तोंडात घोळवलं, आणि गिळलं. दुसरं आठवेना.

“बेसिल,” तो म्हणाला, “समितीनं तुझा नंबर निवृत्त करायचं ठरवलंय.”

बेसिल थबकला. या वाक्याचा अर्थ त्या गावात त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. त्यानं कप खाली ठेवला, डोळे भरून आले, आणि आतल्या खोलीतल्या बायकोला ऐकू जाईल असा तो ओरडला, “रोझॅन! अगं ऐकलंस का? माझा! माझा नंबर!”

वाचकांना या दोघांची गंमत वाटली असेल, तर ते स्वाभाविक आहे. तूर्तास एवढंच करावं: गेल्या वर्षभरात कुणी आपल्याला शाल पांघरून ‘तुमच्यासारखे तुम्हीच’ असं म्हटलं असेल, तर त्या दिवसाचा फोटो काढून पुन्हा एकदा नीट पाहावा. आपला चेहरा नव्हे. तो छानच आलेला असतो. मागे, सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवतंय ते पाहावं, आणि तो उद्यापासून कुठे बसणार आहे, याची जरा चौकशी करावी.